पाणी कमी पडलं, तर कोणाचं वावर कोरडं? पांझराकाठच्या सातवीतला एक घटक

धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात पांझरा नदीच्या काठी एक गाव आहे असं धरा. जिल्हा परिषदेची उच्च प्राथमिक शाळा, सातवीच्या पटावर ३६ मुलं. गावाच्या वरच्या अंगाला दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, पाटाखाली चार फड, म्हणजे त्या पाण्यावर भिजणारे शेतांचे चार सलग तुकडे. गाव आणि वर्ग नमुन्यादाखल घेतले आहेत. नदी, फड पद्धत (बंधाऱ्याचं पाणी गावानं मिळून वाटून घेण्याची जुनी रीत) आणि कायदे मात्र आहेत तसेच.

दिवाळीच्या सुट्टीत मुलांना प्रकल्प दिला होता, ‘आमच्या गावची फड पद्धत’. सुट्टीनंतर ३६ फायली जमा झाल्या. मुखपृष्ठं रंगीत, आत उसाच्या शेताचं चित्र आणि पहिलं वाक्य जवळजवळ प्रत्येकीत तेच: फड पद्धत ही तीनशे वर्षांपूर्वीची, समतेवर आधारलेली आदर्श पद्धत आहे. मजकूर मोबाइलवरून उतरवलेला. वर्गातली निम्मी मुलं रोज शाळेत येताना तोच पाट ओलांडतात, पण बंधाऱ्यापर्यंत कोणीच गेलं नव्हतं.

मग तोंडी तीन प्रश्न विचारले. बंधाऱ्यात किती पाणी साठतं? उत्तर आलं, “धरणाइतकं नाही, पण बरंच.” पाट नदीपेक्षा उंचावर कसा? “पाणी दाबानं चढतं.” पाऊस कमी झाला तर कोणाला पाणी मिळत नाही? यावर वर्ग गप्प बसला. मग मागून एकजण म्हणाला, “सगळ्यांना सारखंच मिळतं, सर.”

पहिल्या उत्तरात भूगोल चुकला, दुसऱ्यात भौतिकशास्त्र. तिसऱ्यात चुकीपेक्षा मोठी अडचण होती. ‘समतेवर आधारलेली’ हे शब्द मुलांनी लिहिले होते, पण समता नेमकी कशात ते कोणालाच सांगता येत नव्हतं. पुढची सगळी आखणी या तिसऱ्या प्रश्नावर उभी आहे. शिक्षकांच्या बैठकीत ‘स्थानिक वारसा’ हा शब्द फार चालतो. पण वारसा म्हटलं की मुलं कौतुक करायला बसतात, आणि कौतुक चालू असताना विचारायचे प्रश्न मागे राहतात.

कोणत्या पाठात बसवायचं

वेगळा वेळ मिळणार नव्हता. इतिहास-नागरिकशास्त्र आणि भूगोल मिळून आठवड्याला सहा तासिका, प्रत्येकी ३५ मिनिटांच्या. त्यामुळे हा घटक नव्या विषयासारखा न घेता चालू पाठांच्या जागी घेतला. इतिहासातून शिवपूर्वकालीन महाराष्ट्र: मौजा, कसबा, परगणा, वतनं, दुष्काळ. भूगोलातून मृदा, कृषी आणि समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) नकाशा. नागरिकशास्त्रातून मूलभूत हक्क, मार्गदर्शक तत्त्वे आणि मूलभूत कर्तव्ये. एकूण ११ तासिका आणि एक अर्ध्या दिवसाची भेट अशी आखणी होती. समोच्च रेषांचा पाठ पुस्तकाच्या शेवटी असतो आणि मार्चच्या घाईत उरकला जातो. तो डिसेंबरात ओढून घेतला, आणि बाकीची घडी त्यानंच बसली.

आधी शब्द

पहिल्या तासिकेत नकाशा नाही की पुस्तक नाही. फळ्यावर फक्त घरातले शब्द. मुलांनी सांगितलेले: पाट, चारी, वावर, बारी, पाटकरी. आजोबांना विचारून दुसऱ्या दिवशी आलेले: हवालदार, जागल्या, बारेकरी, सारंग, सांडम, पाटस्थळ, मोटस्थळ. शब्दांची ही यादीच पुढे नकाशाची सूची झाली.

बंधारा म्हणजे नदीत आडवी बांधलेली भिंत. ती पाणी साठवायला नसते, पाण्याची पातळी पाटाच्या तोंडाइतकी वर आणायला असते. वरचं पाणी भिंतीवरून वाहून जातं. पाट किंवा कालवा तिथून निघतो. या खोऱ्यात त्याची लांबी साधारण २ ते १२ किलोमीटर असते. पाटातून चाऱ्या, चारीतून प्रत्येक वावरात नेणारी सारंग, आणि उरलेलं पाणी परत नदीत सोडणारं सांडम. फड म्हणजे एका चारीखालच्या शेतांचा सलग तुकडा. तो १० हेक्टरचा असतो तसा २०० हेक्टरचाही. एका फडात त्या हंगामी एकच पीक. कोणता फड भिजवायचा, कोणता पडीक ठेवायचा, हे गाव बसून ठरवतं. पांझरेप्रमाणेच बागलाणातल्या मोसम आणि आरम या नद्यांवरही ही पद्धत होती.

माणसंही शब्दांतच सापडली. पाटकरी आणि हवालदार पाटाचा कारभार पाहणारे, बारेकरी शेताशेतात पाणी फिरवणारा, जागल्या रात्री पाटावर आणि पिकावर नजर ठेवणारा. मोबदला धान्यात, खातेदारांकडून.

पाटस्थळ आणि मोटस्थळ या दोन शब्दांवर पाच मिनिटं जास्त गेली तरी हरकत नाही. पहिली पाटाच्या पाण्याची बागायत, दुसरी विहिरीवर मोट लावून भिजवलेली. महसूलखात्यातले हे शब्द म्हणजे वर्गाला मिळालेलं पहिलं लिखित साधन. जिथे जमिनीला पाटस्थळ म्हटलं गेलं, तिथे नोंद झाली त्या वेळी पाट होता. एवढंच अनुमान काढायचं, त्यापुढे जायचं नाही. अशी शिस्त मुलांना लावणं अवघड असतं, कारण त्यांना लगेच राजाचं नाव हवं असतं.

नकाशा: पाट वर का चढत नाही

दोन नकाशे घेतले. एक भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० चा स्थलदर्शक नकाशा, ज्यात २ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर. दुसरा गावनकाशा, गट क्रमांकांचा. पहिल्याच प्रयत्नात चार गटांपैकी दोघांनी गावनकाशा उलटा धरला. बंधारा वरच्या बाजूला म्हणून त्यांनी ‘वर म्हणजे उत्तर’ केलं. इथे पांझरा सह्याद्रीतून निघून पूर्वेकडे वाहते. धुळ्यापुढे ती उत्तरेला वळते आणि मुडावदजवळ तापीला मिळते. म्हणजे साक्रीकडचा ‘वरचा’ बंधारा नकाशात पश्चिमेला येतो. बोलीतला ‘वर’ उंची सांगतो, नकाशातला दिशा. ही गल्लत एकदा फळ्यावर उघड मांडली की पुन्हा होत नाही. न मांडता नुसती दुरुस्त केली तर परीक्षेपर्यंत टिकते.

मग पाटाच्या उंचीचा प्रश्न. पाणी चढत नाही, फक्त पाट नदीपेक्षा हळू उतरतो. फळ्यावर एक गणित घातलं. नदी दर किलोमीटरला ४ मीटर उतरते आणि पाट १ मीटर, असं धरू. बंधाऱ्यापाशी दोघं एकाच पातळीवर आहेत. ३ किलोमीटरनंतर नदी १२ मीटर खाली गेली, पाट ३ मीटर. म्हणजे पाट नदीच्या ९ मीटर वर आहे आणि मधली सगळी जमीन त्याच्याखाली भिजू शकते. आकडे समजण्यापुरते आहेत, खऱ्या नदीचा उतार जागोजागी वेगळा असतो. हे गणित सुटल्यावर समोच्च रेषांचा नकाशा उघडला. पाट रेषांना जवळजवळ समांतर सरकतो आणि नदी त्या कापत जाते, हे मुलांनीच बोट ठेवून दाखवलं. समोच्च रेषेची व्याख्या नंतर लिहून घेतली.

भेट

भेटीचा पहिला दिवस वाया गेला. डिसेंबरातला शनिवार ठरला, पालकांची संमतीपत्रं आली, मुलं पोहोचली आणि पाट कोरडा. पांझरेवर वर पिंपळनेरकडे लाटीपाडा धरण आहे, खाली अक्कलपाडा. धरणं झाल्यापासून पाटाला पाणी नदीच्या मनावर येत नाही, आवर्तनाच्या, म्हणजे धरणातून ठरवून पाणी सोडण्याच्या, तारखेला येतं. ती तारीख पाटबंधारे शाखा कार्यालयात किंवा गावच्या पाणीवापर संस्थेत एका फोनवर कळते. तो फोन कोणी केला नव्हता.

तरी कोरड्या पाटाचा उपयोग झालाच. गवंड्याकडून २० मीटरची पारदर्शक लेव्हल नळी आणली होती. दोन काठ्यांना मीटरपट्ट्या बांधून, दोन्ही काठ्या पाटाच्या तळाला टेकवून ती धरायची. दोन्ही टोकांचं पाणी थांबलं की तळापासून पाण्यापर्यंतची उंची दोन्हीकडे वाचायची. जितका फरक, तितका त्या २० मीटरातला उतार. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर सगळं मोजमाप फुकट, म्हणून आधी दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी एका रेषेत येतं का ते पाहायचं. चार टप्पे मोजले. तीनमध्ये पाट खाली गेला आणि एकात चक्क दोन सेंटिमीटर वर चढला. मुलांना वाटलं, चुकलो. पुन्हा मोजलं, तेच. तिथे गाळ साचला होता. दरवर्षी पाटाचा गाळ का काढावा लागतो, हे वेगळं शिकवावं लागलं नाही.

आवर्तन आल्यावर दुसरी भेट, तीच मुलं, दोन तास. दहा मुलांमागे एक मोठा माणूस हे पक्कं धरा. बंधाऱ्याच्या माथ्यावर चालू द्यायचं नाही, तिथलं शेवाळ कोरडं दिसलं तरी घसरतं. पाण्याचं मोजमाप चारीवर करायचं, पाटावर नाही. चारीत पाणी गुडघ्याखाली असतं आणि काठावर बसून हात पोहोचतो.

मोजमाप असं: चारीचा सरळ, गवत नसलेला १० मीटरचा तुकडा घ्यायचा. रुंदी तीन ठिकाणी, खोली प्रत्येक ठिकाणी तीन बिंदूंवर. मग लिंबू सोडून १० मीटरला लागणारे सेकंद मोजायचे, पाच वेळा. सरासरी आली रुंदी ०.९ मीटर, खोली ०.३ मीटर, वेळ २५ सेकंद. म्हणजे पृष्ठावरचा वेग सेकंदाला ०.४ मीटर. पण पाणी तळाशी आणि कडेला मंद असतं, म्हणून ०.८५ ने गुणायचं, ०.३४. छेद ०.९ × ०.३ = ०.२७ चौरस मीटर. गुणाकार ०.०९१८ घनमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ९२ लिटर.

ज्या गटानं ०.८५ वगळलं त्यांचे १०८ लिटर आले. एका गटानं फक्त मधली खोली घेतली, तिचे आणखी जास्त. तिसऱ्या गटानं लिंबाऐवजी रबरी चप्पल सोडली. ती दर वेळी काठाला अडकली आणि वारा आला की उलटी फिरली. चुकीची उत्तरं फळ्यावर बरोबर उत्तराशेजारी लिहून ठेवली, कारण पुढची चर्चा तिथूनच निघाली: तुम्ही पाटकरी असता आणि १०८ धरून वाटप केलं असतं, तर शेवटच्या वावरापर्यंत पाणी पोहोचलं असतं का?

मग आकडा जमिनीवर उतरवला. सेकंदाला ९२ लिटर म्हणजे २४ तासांत सुमारे ७,९४९ घनमीटर. एका हेक्टरावर साडेसात सेंटिमीटर पाणी द्यायचं तर ७५० घनमीटर लागतं. म्हणजे दिवसाला साडेदहा हेक्टर, ४० हेक्टरच्या फडाला जवळजवळ चार दिवस. हा झाला कागदावरचा हिशेब. झिरप्यात आणि गवतात तिसरा हिस्सा गेला असं धरलं तर दिवसाला सात हेक्टर, आणि फडाला पावणेसहा दिवस. रात्रीही पाणी चालू असतं, मग रात्री पाटावर कोण? जागल्या या शब्दाचा अर्थ इथे मुलांना खरा लागला.

तोंडी इतिहास

मुलाखतीचा पहिला फेरा फसला, कारण प्रश्नांतच उत्तरं होती. “आबा, आपली पद्धत आदर्श होती ना?” असं विचारल्यावर आबा ‘हो’च म्हणणार. दुसऱ्या फेरीत प्रश्न बदलले. फड पडीक ठेवायचा हे कोणी ठरवलं, बैठक कुठे भरायची? जागल्याला वर्षाला किती पायल्या? पाण्यावरून शेवटचं भांडण कधी झालं, कशावरून? उत्तरं अहिराणीत आली आणि तशीच लिहून घेतली. ‘आमना फडमा’ याचं ‘आमच्या फडात’ करायला हरकत नाही, पण मूळ ओळ खोडायची नाही. मुलं लगेच प्रमाण मराठी करतात आणि त्यात ‘बारी’चं ‘पाळी’, मग ‘वेळापत्रक’ होतं. तिथवर जाईपर्यंत माहिती निम्मी झालेली असते.

काळ ठरवायला बहात्तरच्या दुष्काळाची खूण कामाला येते. “किती वर्षांपूर्वी?” याला सगळे ‘लई वरीस’ म्हणतात. “बहात्तरच्या आधी की नंतर?” याला मात्र नेमकं उत्तर मिळतं.

आणि ‘तीनशे वर्षं’? हा आकडा फायलींतून आजोबांच्या तोंडी गेला होता, उलटा नाही. वर्गानं एक साधी चाचणी घेतली. आजोबा म्हणतात, “मना आजाना बापनी पाटनं काम करेल शे” (माझ्या आजाच्या बापानं पाटाचं काम केलं आहे). मुलापासून मोजले तर पाच पिढ्या, पिढीला २५ ते ३० वर्षं धरली तर फार तर दीडशे वर्षं. तोंडी साधन इथवरच पोहोचतं. पाट त्याहून जुना असू शकतो, पण त्यासाठी दुसरा पुरावा लागेल. लिखित साधनांत १८८० चं खान्देश जिल्ह्याचं इंग्रजी गॅझेटियर आहे. शिक्षकानं त्यातलं सिंचनाचं प्रकरण आधी वाचून दोन परिच्छेद मराठीत करून आणावेत. मूळ इंग्रजी सातवीच्या हाती देऊ नये. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे, पण वर्ग तिथे न्यायचा तर प्रश्न आधी ठरवून न्यावा. नाहीतर सहल होते.

मुलांना सगळ्यात आवडलेलं लिखित साधन वेगळंच निघालं. विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून रुजू झाले. सुरुवातीच्या काळातच खान्देशात पांझरेच्या एका पाटासाठी नळांचा सायफन (पाणी अडथळ्याखालून पलीकडे नेणारी नळवाट) बांधायचं काम त्यांच्याकडे आलं. ते काम जिथे झालं ते दातर्ती गाव मुलांच्या नात्यागोत्यातलं. पण त्यातून सिद्ध एवढंच होतं की १८८४ च्या सुमारास इथे पाट होते आणि सरकार त्यांची कामं करत होतं. ‘पाट विश्वेश्वरय्यांनी सुरू केले’ असं दोन मुलांनी उत्तरपत्रिकेत लिहिलंच. मोठं नाव दिसलं की सगळं श्रेय त्याला देऊन टाकायचं, ही खोड मोठ्यांकडूनच येते.

दगडी बांधकाम हे भौतिक साधन. चुन्यातले दगड कुठे आणि सिमेंटची डागडुजी कुठे, एवढं जरी मुलांनी भिंतीच्या रेखाटनात दोन रंगांनी दाखवलं, तरी बंधारा ‘एका काळात’ बांधलेला नाही हे दिसतं.

चिंचोक्यांचा खेळ

या घटकाला दोन तासिका, आणि त्या कमी पडतात. मैदानावर फक्कीनं चार फड आखायचे, प्रत्येक ८ मीटर × ४ मीटर. प्रत्येकात एक मीटर रुंदीचे आठ पट्टे, एकूण ३२. आठ कुटुंबं, प्रत्येकात तीन मुलं. पाटकरी एक, हवालदार एक, जागल्या एक, बारेकरी दोन. भूमिहीन मजूर चार, नोंद घेणारे तीन. झाली ३६. भूमिका चिठ्ठ्या टाकून द्यायच्या. खान्देशात जागलीचं काम पुष्कळ गावांत भिल्लांकडे होतं आणि वर्गात भिल्ल मुलं असतात. ‘तू जागल्या हो’ हे शिक्षकाच्या तोंडून येता कामा नये.

पाणी म्हणजे चिंचोके. एका पट्ट्याचं पीक पिकायला तीन लागतात, दोन पडले तर सुकतं.

पहिला डाव फडाचा. प्रत्येक कुटुंबाचा प्रत्येक फडात एक पट्टा. चांगलं वर्ष, ९६ चिंचोके, सगळं पिकलं. मग कमी पावसाचं वर्ष, ७२ चिंचोके. मुलांनी आधी ‘सारखं वाटप’ केलं आणि ३२ पट्ट्यांना दोन-दोन दिले. आठ उरले, त्यांतून आठच पट्टे पिकले, बाकी २४ सुकले. बारेकऱ्यांनीच विचारलं, एक फड सोडून दिला तर? मग तीन फडांना तीन-तीन, २४ पट्टे पिकले. प्रत्येक कुटुंबाचे तीन भरले, एक गेला. कोणीही उपाशी नाही, कोणीही पूर्ण नाही.

दुसरा डाव: प्रत्येक कुटुंबाचे पट्टे चारच, पण एका जागी केलेले. प्रत्येक कुटुंब एकाच फडात, म्हणजे एका फडात दोन कुटुंबं. पुन्हा ७२. चौथा फड सोडला, तर सहा कुटुंबांचं सगळं पिकलं आणि दोघांचं काहीच नाही. त्या दोन कुटुंबांतली मुलं खरंच चिडली. एकानं पाट फोडायला फक्कीची रेघ पायानं पुसली. जागल्यानं शिट्टी वाजवली, पण तिथवर वीस सेकंद गेले होते.

फड पद्धतीची समता पाण्याच्या समान वाट्यात नव्हती. ती जमिनीच्या मांडणीत होती. जोवर खातेदाराचं वावर प्रत्येक फडात थोडं-थोडं आहे, तोवर फड सोडण्याचा तोटा सगळ्यांना सारखा. वाटण्या होऊन, विकून, गट एकत्र होऊन जमीन एका जागी आली की तोच नियम कोणाला तरी बुडवतो. विहिरी आणि मोटारी आल्यावर तर पाटावर अवलंबून राहण्याची गरजच प्रत्येकाची वेगळी झाली. पद्धत ‘लोकांचा एकोपा गेला म्हणून मोडली’ असं म्हणणं सोपं आहे, मुलांच्या आजोबांचंही तेच मत होतं. चिंचोक्यांनी दुसरं उत्तर दिलं.

तिसरा डाव उसाचा: पहिल्या फडाला पट्ट्यामागे सहा. ७२ मधले ४८ एका फडातच गेले, उरलेल्या २४ मध्ये आणखी एकच फड. हा डाव घाईत उरकला गेला. पुन्हा घ्यायचा तर त्याला स्वतंत्र तासिका द्यावी.

एक गोष्ट आधी सांगायला हवी होती. चिंचोके मोजून आणले ९६, तिसऱ्या डावाला निघाले ८९. भाजलेले असल्यानं खाल्ले गेले. नोंदवहीत ते ‘वहनातील गळती’ म्हणून लिहिलं आणि पुढच्या वेळी कच्चे आणायचं ठरलं.

“आमले काय?”

तिन्ही डाव संपले तरी चार मजुरांच्या हातात चिंचोका नव्हता. त्यांच्यातली एक मुलगी म्हणाली, “सर, आमले काय?” नागरिकशास्त्राच्या दोन तासिका या वाक्यावर गेल्या, आणि जायलाच हव्या होत्या.

फळ्यावर दोन रकाने केले. फडाचे निर्णय घेणाऱ्या पंचांत कोण? खातेदार, पुरुष. भूमिहीनाला मत नाही, बाईला नाही, जागल्या चाकर. ग्रामसभेत कोण? मतदारयादीतला प्रत्येकजण, जमीन असो वा नसो. ग्रामपंचायतीत महाराष्ट्रात निम्म्या जागा महिलांसाठी राखीव, शिवाय अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागा. अनुच्छेद १४ चं ‘कायद्यापुढे समानता’ इथे समोरच्या माणसांकडे पाहून वाचता येतं. मार्गदर्शक तत्त्वांतलं अनुच्छेद ३९(ख), म्हणजे साधनसंपत्तीची मालकी आणि नियंत्रण यांची वाटणी सार्वजनिक हिताची व्हावी, हे सातवीला भाषेनं जड जातं. पण ‘पाटाचं पाणी कोणाचं?’ असं विचारलं की उतरतं. कर्तव्यांतलं नद्यांचं रक्षण हे घोषवाक्यात संपू नये म्हणून प्रत्येक गटानं सांडमापाशी दिसलेला कचरा प्रकारवार लिहून आणला.

एक मुद्दा शिक्षकांतही वादाचा झाला. पंचांना लोकशाही म्हणायचं का? एकाचं मत, लोक बसून ठरवत होते, म्हणजे लोकशाहीच. दुसऱ्याचं, मताचा हक्क सातबाऱ्यावर असेल तर नाही. इथे दुसरं मत जास्त बरोबर वाटतं. तरीही आजच्या कायद्यानं फडाकडून एक गोष्ट घेतल्यासारखी दिसते. महाराष्ट्राच्या २००५ च्या सिंचन व्यवस्थापन कायद्यात पाणीवापर संस्थेच्या संचालक मंडळावर कालव्याच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या टप्प्यातून सारखे प्रतिनिधी घ्यायचे असतात, अध्यक्षपदही टप्प्याटप्प्यानं फिरतं. जमीन प्रत्येक फडात वाटता येत नाही, म्हणून सत्ता वाटायची. मुलांनी हे दुसऱ्या डावाशी जोडलं, पण तेही खातेदारांपुरतंच आहे हे त्या मुलीनं लगेच दाखवून दिलं.

सातबारा

सातबाराच्या बाराव्या नमुन्यात जलसिंचनाच्या साधनाचा रकाना असतो. एकाच गटाचे काही वर्षांचे उतारे शेजारी ठेवले तर पाट, मग विहीर, मग पीकबदल दिसतो. मात्र वर्गातल्या मुलांच्या घरचे उतारे आणायला सांगू नयेत. कोणाची किती जमीन, कोणाची नाहीच, कोणावर बोजा, हे पाच मिनिटांत वर्गभर होतं. नावं आणि क्षेत्र कागदानं झाकून झेरॉक्स काढलेले दोन उतारे पुरतात.

तपासणी

फायलींना गुण नाहीत. आकारिक मूल्यमापनात तीन गोष्टी तपासल्या: दिशा, प्रमाण आणि सूची असलेला पाटाचा नकाशा, प्रवाहाचा हिशेब चुकीच्या खाडाखोडीसह, आणि एक लेखी प्रश्न. प्रश्न असा: ‘७२ चिंचोक्यांत तुमच्या कुटुंबाचे तीन पट्टे पिकले, शेजारच्या वर्गाच्या डावात एका कुटुंबाचा एकही पिकला नाही. नियम एकच होता. मग फरक कशामुळे पडला? पाच ओळींत लिहा.’ ‘एकोपा’ लिहिणाऱ्याला निम्मे गुण. जमिनीची मांडणी ओळखणाऱ्याला पूर्ण. भूमिहीनांचा उल्लेख करणाऱ्याला एक जादा. एका मुलानं उत्तर न लिहिता चार फडांचं चित्र काढून दोन्ही डाव रंगवले होते. त्याला पूर्ण गुण दिले.

पुढच्या वर्षी हा घटक घेणाऱ्यानं आवर्तनाची तारीख नोव्हेंबरातच विचारावी, लेव्हल नळी आदल्या संध्याकाळी पाणी भरून बुडबुडे काढून ठेवावी, आणि कच्चे चिंचोके ११० मोजावेत.